सातवा रकाना

तिसऱ्यांदा नकार आला तेव्हा मोर्जिना स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून शेपू निवडत होती. लिफाफा जाडजूड, त्यावर ढाक्याचे शिक्के, दिल्लीचे शिक्के आणि आमच्या आयुक्तालयाचा एक तिरपा शिक्का. मी उभ्याउभ्याच फोडला. आत आठ पानं होती, पण कामाची ओळ एकच. 'सदर पत्त्यावरील इसमास अशी मुलगी नाही.'

"काय आलं, खालाम्मा?" तिनं विचारलं. खालाम्मा म्हणजे त्यांच्यात मावशी.

"काही बरं आलं असतं तर मी अशी उभी राहिले असते का?" मी खेकसले. "पुन्हा तेच. तुझ्या बापाला मुलगीच नाही म्हणे!"

तिनं मान खाली घातली आणि पुढची जुडी ओढली. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण तेव्हा मी रागावले होते ते तिच्यावर नव्हे, त्या बांगलादेशातल्या पोलिसांवर. एवढा स्वच्छ पत्ता दिलाय, गाव दिलंय, बापाचं नाव दिलंय, तरी यांना घर सापडत नाही? डोळे आहेत का खोबण्या?

मी, मंदाकिनी खोपडे, मूळची भोरची. कल्याणच्या पुढं एका सरकारी महिला आधारगृहाची तेव्हा अधीक्षक होते. फसवून आणलेल्या, विकलेल्या मुली पोलिसांनी सोडवल्या की आमच्याकडे यायच्या. आपल्याकडच्या मुली दोन-चार महिन्यांत घरी जायच्या. सीमेपलीकडच्या मुलींचं घोडं मात्र हमखास अडायचं ते गृहपडताळणीपाशी. म्हणजे असं, की मुलीची सगळी माहिती आम्ही एका फॉर्मात भरायची. तो फॉर्म दोन देशांची दहा-अकरा टेबलं ओलांडून, तिकडच्या भाषेत उतरून, तिच्या गावच्या ठाण्यात पोचायचा. तिथला शिपाई घरी जाऊन विचारायचा, ही मुलगी तुमची का? 'हो' आलं तर मुलगी सुटली. 'नाही' आलं तर बस आणखी वर्षभर शेपू निवडत. मोर्जिना सव्वीस महिने बसली होती.

आणि फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं राज्यात कुणी नव्हतं. हे मी सांगत नाही, प्रशिक्षणात सांगायचे. 'खोपडेबाईंचा फॉर्म बघा, एकोणीस रकाने आणि एकही रिकामा नाही.' तीन प्रशस्तिपत्रकं माझ्या खुर्चीमागं भिंतीवर टांगलेली होती. दुसऱ्या अधीक्षक कंटाळून निम्म्या रकान्यांत रेघ मारून मोकळ्या व्हायच्या. मला ती रेघ बघितली की तळपायाची आग मस्तकात जायची.

आठ दिवसांनी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडून एक बाई घाईघाईनं बांगलात बोलत होती. मला कळला तो एकच शब्द, मोर्जिना. मी तिला हाक मारली.

चार मिनिटं बोलणं झालं असेल. पहिल्यांदा तिनं "मा! मा!" म्हणून टाहो फोडला, मग नुसतंच ऐकत राहिली. शेवटी फोन ठेवला आणि माझ्या टेबलासमोर खुर्ची असताना जमिनीवर बसली.

"नंबर कुठून मिळाला तुझ्या आईला?"

"पोलीस घरून निघाला तेव्हा मा त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेली. त्याच्याकडून लिहून घेतला."

"म्हणजे पोलीस घरी गेला होता? घर सापडलं?"

"तिन्ही वेळा सापडलं, खालाम्मा."

माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. "मग तुझा बाप नाही का म्हणाला?"

ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत गेली. पहिल्या वेळी शिपाई आला तो बाजाराचा दिवस होता. अंगणात चुलते, शेजारी, धाकट्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे, सगळे बसलेले. बापाला वाचता येत नाही. शिपाई भला माणूस. म्हातारा अडाणी आहे, त्याला नीट कळावं, म्हणून त्यानं अख्खा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"काय वाचलं?"

तिनं म्हणून दाखवलं. आईनं फोनवर सांगितलं तसंच. गल्लीचं नाव, घराचा नंबर, दुसऱ्या मजल्यावरचा पोटमाळा, तिथं काय चालायचं, किती महिने, रोज किती माणसं. एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. तो माझा सातवा रकाना होता. 'सुटकेचे ठिकाण व स्वरूप.'

"पाहुणे उठून गेले," ती म्हणाली. "बहिणीचं जमत आलेलं मोडलं. मग अब्बा म्हणाले, ही माझी मुलगी नाही. नंतर दोन वेळा पोलीस आला, दोन्ही वेळा तेच म्हणाले."

मी टेबलावरची फाइल उगीच सरळ केली.

"ते कुणी लिहिलं, खालाम्मा?"

खोटं बोलता आलं असतं. दिल्लीवर ढकलता आलं असतं, दिल्ली काय उलट उत्तर द्यायला येत नाही. पण ती माझ्याकडे अशी सरळ बघत होती की जीभ रेटेना.

"मी लिहिलं," मी म्हटलं.

"मी कुठं सापडले ते माझ्या गावाला कशाला सांगितलं? तुम्हाला तर फक्त माझं घर शोधायचं होतं ना?"

अहो, वीस वर्षं नोकरी झाली होती माझी. परिपत्रकं पाठ, शासननिर्णय तारखेनिशी पाठ. आणि हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रकाना आहे म्हणजे भरायचा, एवढंच माहीत. लाज वाटली. अशी लाज की त्या रात्री घरी जाऊन नवऱ्याला ताट वाढताना रडू आलं, आणि तो बिचारा विचारतोय, मीठ जास्त झालंय का म्हणून.

त्यानंतर पंधराच दिवसांत मंत्रालयातून देशभ्रतारसाहेबांचा फोन आला. हे आमच्या खात्याचे उपसचिव. माणूस सज्जन, पण फायलीबाहेरचं जग त्यांना फारसं मान्य नव्हतं.

"खोपडेबाई, अभिनंदन! दोन्ही देशांची बैठक आपल्याकडे होतेय. मुली परत पाठवायची नवी कार्यपद्धती ठरणार. तुमचा फॉर्म नमुना म्हणून मसुद्याला जोडलाय आम्ही."

"कुठला फॉर्म, साहेब?"

"त्या मोर्जिनाचाच. किती तपशीलवार आहे! आता रकाने बेचाळीस होणार आहेत. सातव्याचे पाच उपभाग केलेत."

"एवढे कशाला?"

"अहो, तो परदेशी अहवाल निघतो ना दरसाल, कुठला देश माणसांची विक्री किती रोखतो ते बघून पायऱ्या देणारा? आपण खालच्या पायरीवर घसरतोय. त्यांना आकडे हवेत. किती सोडवल्या, कुठून सोडवल्या, काय अवस्थेत. शिवाय मदतीचा निधी त्यावर, वरच्यांची अब्रू त्यावर. तिकडच्यांचं वेगळंच. त्यांना दाखवायचंय की सगळ्या मुली काही आमच्या नाहीत. असं दोन्हीकडून ओढत ओढत धोरण होतं, बाई. तुम्ही या, चहा घ्या, विचारलं तर उत्तर द्या."

"आणि हे एकदा ठरलं की?"

"पाच वर्षं तरी कुणी हात लावत नाही."

पाच वर्षं. आमच्याकडे तेव्हा पलीकडच्या एकोणतीस मुली होत्या. मोर्जिना त्यातली एक.

मी तिला ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "तिथं तुझा कागद दाखवावा म्हणते. नाव, गाव, सगळं झाकून. पण तू नको म्हणालीस तर नाही दाखवणार. एकदा तुला न विचारता सगळ्यांना दाखवून बसलेय."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "दाखवा." आणि एक अट घातली.

ती अट ऐकून मी म्हटलं, "कार्टे, तू माझी नोकरी घालवणार!"

"गेली तर या माझ्याबरोबर भाजी निवडायला," ती म्हणाली आणि सव्वीस महिन्यांत पहिल्यांदा खुदकन हसली.

बैठक मंत्रालयात सकाळी अकराला. लांबलचक टेबल, चौदा माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि मसुद्याची फाइल. तिकडच्या बाजूनं एक उंच, मऊ बोलणारे पोलीस अधिकारी मुख्य होते. त्यांच्या रांगेत अगदी टोकाला फिरोजा बेगम म्हणून समाजकल्याण खात्याच्या एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनाही माझ्यासारखंच विचारलं तर बोलायला आणलेलं दिसत होतं.

पहिला दीड तास उखाळ्यापाखाळ्यांत गेला. आमचे म्हणाले, तुम्ही उत्तरंच देत नाही. ते म्हणाले, तुम्ही पाठवता त्यातल्या निम्म्या मुलींना त्यांच्या घरचेच ओळखत नाहीत, आम्ही काय करावं? हिंदी, इंग्रजी, बांगला, सगळ्यांतून गोड शब्दांत एकमेकांची सालटी काढणं चाललं होतं. मुलीचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. 'प्रकरणे' म्हणत होते.

मग अकरावा मुद्दा आला. फॉर्म. देशभ्रतारसाहेब म्हणाले, "यावर चर्चेची गरज नाही. मान्य?" चार माना हलल्या.

मी उभी राहिले. 

"साहेब, हा फॉर्म मी भरलाय," मी म्हटलं, "आणि तो वाईट आहे."

देशभ्रतारसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या अंगावर शाईची दौत उपडी केलीय. "खोपडेबाई, नंतर बोलू आपण."

"नंतर पाच वर्षांनी, साहेब." मी थांबले नाही. थांबले असते तर बसलेच असते. "ह्या मुलीचं घर तीन वेळा सापडलं. तीन वेळा बापानं नाही म्हटलं. का, तर मी सातव्या रकान्यात लिहिलं ते त्याच्या अंगणात, पाहुण्यांसमोर वाचलं गेलं म्हणून. चूक शिपायाची नाही. माझी आहे."

पलीकडचे अधिकारी शांतपणे म्हणाले, "मॅडम, आमचा शिपाई असं कुणाच्या दारात वाचणार नाही. आणि वाचलंच असेल, तर सरकारी कागद आहे. त्यात गैर काय?"

आता मोर्जिनाची अट.

मी पिशवीतून तिसऱ्या नकाराबरोबर परत आलेला बांगला कागद काढला. नाव, बापाचं नाव, गाव, सगळ्यांवर आदल्या दिवशी मोर्जिनानं स्वतः कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. "मुलीची परवानगी आहे," मी म्हटलं. "पण तिची अट आहे, की हा तुम्ही वाचायचा. तुमच्या भाषेत. मोठ्यानं."

"त्याची काय आवश्यकता?"

"गैर काही नाही ना, साहेब? मग वाचा."

त्यांनी चष्मा लावला. आवाज भारदस्त होता. वय वाचलं, उंची वाचली, डाव्या भुवईवरची खूण वाचली, शाळा, जवळचा बाजार, घरामागचं तळं. बांगला मला येत नाही, पण तो फॉर्म मला झोपेतही पाठ होता, कुठपर्यंत आले ते बरोबर समजत होतं. सातव्यावर आले. पहिली ओळ वाचली. दुसरीतले दोन शब्द वाचले आणि त्यांची नजर आपोआप टेबलाच्या टोकाला फिरोजा बेगमकडे गेली. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. साहेबांनी घसा खाकरला. तोच शब्द पुन्हा उचलला आणि खाली ठेवला.

"पुढचं इंग्रजीत सगळ्यांकडे आहेच," ते म्हणाले.

"नाही, साहेब. तिच्या बापाला शेवटपर्यंत ऐकावं लागलं."

  चौदा परकी माणसं, त्यातल्या एकाचंही त्या मुलीशी नातं नाही, आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या तोंडून ती ओळ बाहेर पडेना. त्यांनी चष्मा काढला आणि कागद हळूच पालथा घातला.

तेव्हा फिरोजा बेगम बोलल्या. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलल्या. "साहेब, घर शोधायला तुम्हाला ह्यातलं काय काय लागतं?"

"नाव. गाव. बाप. तळं, बाजार, खूण."

"आणि सातवा?"

त्यांनी पालथा कागद बोटानं पुढं सरकवला. मग म्हणाले, "नाही लागत."

देशभ्रतारसाहेब कळवळून म्हणाले, "पण आकडे? अहवालाला आकडे कुठून द्यायचे?"

"आकडे आपल्या कपाटात ठेवा की, साहेब!" माझा आवाज चढलाच. "कुलूप लावा, मोजा, वर पाठवा, हव्या तेवढ्या पायऱ्या चढा. तिच्या अंगणात कशाला?"

कुणीतरी हसलं. आमच्याच दिल्लीवाल्यांपैकी होतं. आणि त्या हसण्यानं गाठ सुटली बघा. फिरोजा बेगमना आता कुणी थांबवू शकेना. त्या म्हणाल्या, वर्दी नको, बाईमाणूस पाठवा. बाजाराच्या दिवशी नको. अंगणात नको, आईला वेगळं गाठून विचारा. जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद चालला, दोनदा बैठक मोडायच्या बेताला आली, पण मसुद्यावर लाल रेघा ओढल्या गेल्या. पडताळणीच्या फॉर्मातून सातवा रकाना त्याच्या पाचही पिलांसकट बाहेर. घर शोधायला न लागणारे बाकीचेही बाहेर. बेचाळिसांतले उरले तेरा.

लिफ्टमध्ये देशभ्रतारसाहेब माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. तळमजला येता येता म्हणाले, "वाचायला लावायची कल्पना कुणाची हो? तुमची नसणार. तुम्ही नियमातल्या बाई."

"तिसरी इयत्ता शिकलेल्या एका मुलीची, साहेब," मी म्हटलं. हे सांगताना मान इतकी ताठ झाली होती की काय सांगू. मला स्वतःच्या दोन मुली आहेत, दोघी पहिल्या वर्गात पास झाल्या, पण तेव्हाही असा अभिमान वाटलेला मला आठवत नाही.

आधारगृहात पोचले तर मोर्जिना फाटकातच उभी. "वाचलं का त्यांनी?"

"दीड ओळ."

"बस?"

"बस. तेवढ्यानंच घाम फुटला त्यांना."

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते की हसते मला कळेना. बहुधा दोन्ही.

नव्या फॉर्मावर पहिलं नाव तिचं गेलं. मी तेरा रकाने भरले आणि आम्ही दोघी चौथ्यांदा वाट बघायला लागलो. माझा जीव टांगणीला लागला होता. नियम बदलला तो पुढच्यांसाठी, पण हिच्या गावानं तर सगळं ऐकलेलं. एकदा नाही म्हटलेला बाप हो कशाला म्हणेल?

सात आठवड्यांनी लिफाफा आला. फिरोजा बेगम स्वतः गेल्या होत्या, साध्या सुती साडीत, दुपारच्या वेळी तळ्यावर. माहिती देणाऱ्याच्या जागी आईचा अंगठा होता. खाली लिहिलं होतं, 'मुलगी माझी आहे. मी न्यायला येते.' बापाबद्दल फिरोजा बेगमनी सोबतच्या चिठ्ठीत कळवलं होतं. तो ओसरीवर बसून होता. हो म्हणाला नाही, पण ह्या वेळी नाहीही म्हणाला नाही.

सीमेपर्यंत पोचवायला मीच गेले. सकाळची वेळ, फाटकाच्या दोन्ही बाजूंना मालट्रकांच्या रांगा. पलीकडे छत्रीखाली फिरोजा बेगम आणि त्यांच्याशेजारी एक ठेंगणी, सुकलेली बाई, टाचा उंचावून इकडं बघत असलेली. मोर्जिनानं तिला बघितलं आणि माझा हात एवढा दाबला की बांगडी पिचली.

आमच्या बाजूच्या टेबलावर एक पोक्त कारकून होता. त्यानं कागद बघितले, वही उघडली, पेन सरसावलं आणि मान वर न करता विचारलं, "कुठून सोडवली?"

इतक्या वर्षांची सवय. मी उत्तर द्यायला तोंड उघडलंसुद्धा.

"साहेब," माझ्या आधी मोर्जिना म्हणाली, "तो रकाना आता नाही."

कारकुनानं चमकून मान वर केली. फॉर्म उलटा केला, सुलटा केला, बोट फिरवत सहावा वाचला, त्याखालचा वाचला. खरंच नव्हता.

"आत्ता आत्तापर्यंत तर होता," तो वैतागून म्हणाला. "कुणी काढला?"

"हिनं," मी म्हटलं. "मारा शिक्का. आई थांबलीय."